वळचणीचे बिऱ्हाडकरू

पागडी नाही, भाडे नाही, करारनामा नाही; आणि तरीही एखाद्या सकाळी उठून पाहावे तो आपल्या खिडकीच्या वळचणीला एक अख्खे कुटुंब राहावयास आलेले असते. मुंबईकराला जागेचे मोल सांगावयास नको. पण या बिऱ्हाडकरूंना ते आपल्याहूनही चांगले कळते. पाऊस लागणार नाही, वारा झोंबणार नाही, कावळ्याची चोच पोहोचणार नाही, अशी जागा ते नेमकी हेरतात. मीटरची पेटी, वातानुकूल यंत्राची मागची बाजू, पडद्याची पोकळ दांडी, माळ्यावरच्या ट्रंकेमागचा अंधार, यांपैकी काहीही त्यांना चालते. आपल्याला त्यांचा पत्ता लागतो तो बहुधा दिवाळीच्या साफसफाईत, एक पाय स्टुलावर आणि हातात झाडू असताना!

तीस-पस्तीस वर्षे मी शाळेत शास्त्र शिकविले. निवृत्त झाल्यावर वरळी कोळीवाड्याच्या तोंडाशी राहतो आहे. मास्तरकी सुटली तरी मास्तर हे नाव काही सुटले नाही, आणि आश्विन लागला की दारावर थाप पडू लागते. “मास्तर, घरात मधमाश्यांचे पोळे झाले आहे, काय करू?” या प्रश्नात बहुधा दोन गोष्टी चुकलेल्या असतात. एक तर ते पोळे मधमाश्यांचे नसते. आणि दुसरे म्हणजे, मला विचारावयास येण्यापूर्वीच घरातल्या कोणी शूर पुरुषाने त्याच्यावर चप्पल मारलेली असते.

म्हणून या दिवाळीच्या पानात म्हटले, फराळाच्या पदार्थांबरोबर हाही विषय एकदा नीट ताटात वाढावा.

आधी ओळख, मग नोटीस

सगळे बिऱ्हाडकरू सारखे नसतात. काही तर इतके गरीब की त्यांच्या वाटेला जाणेही पाप.

पहिली कुंभारीण. भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे, कधी तर पुस्तकाच्या कण्यावर ती ओल्या मातीचे गोळे आणून छोटी मडकी किंवा नळ्या बांधते. कंबर दोऱ्यासारखी बारीक. ही एकटी राहते. तिला ना राणी, ना फौज. कोळी किंवा अळी पकडून तिला डंखाने लुळी करते, मडक्यात भरते, वर अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. अंड्यातून निघालेले पिल्लू आत ठेवलेली ती शिदोरी खाऊन वाढते आणि पंख फुटले की मडके फोडून बाहेर येते. जुन्या लोकांनी पाहिले ते एवढेच, की आत गेली अळी आणि बाहेर आली कुंभारीण. त्यावरून त्यांनी भृंगी-कीटकाचा न्याय रचला: ध्यास घेतला की अळीचीसुद्धा भृंगी होते. संतवाङ्मयात हा दृष्टांत जागोजागी भेटतो. शास्त्र वेगळे निघाले म्हणून दृष्टांताची गोडी काही कमी होत नाही. कुंभारीण घराच्या रक्षणासाठी अंगावर धावून येत नाही. मडक्याला भोक पडलेले दिसले म्हणजे बिऱ्हाड रिकामे झाले. मग खुशाल खरवडून टाकावे.

दुसरा काळा भुंगा. अंगठ्याएवढा, घोंघावत येणारा, लहान मुलांची गाळण उडविणारा. तो वाळलेल्या लाकडात आणि बांबूत सुबक गोल भोक पाडून राहतो. कोळीवाड्यात बांबूला काय तोटा! तोंडाजवळ येऊन दरारा दाखवितात ते बहुधा नर, आणि नराला डंख नसतोच. मादीला असतो, पण तिला मुठीत धरल्याखेरीज ती तो वापरीत नाही. वापरात नसलेल्या बांबूंची टोके बुजवावी आणि लाकडाला रंग द्यावा, एवढ्याने तो दुसरीकडे जागा पाहतो.

तिसरी गांधीलमाशी, आणि येथून पुढे जपून. तपकिरी, लांबट, पाय लोंबत ठेवून उडणारी. ती लाकडाचा भुसा चावून थुंकीत कालवते आणि त्याचा राखी कागद करून पोळे बांधते. हे पोळे एका बारीक देठाला टांगलेले असते आणि खालून उघडे, म्हणजे घरे मोजता येतात. त्यात मध शोधू नये. हिची पिल्ले मांसाहारी असतात. झाडांवरच्या अळ्या मारून ती त्यांना भरविते, म्हणून बागेला ती उपकारक. पण पोळ्याला धक्का लागला तर सगळ्या मिळून येतात आणि एकेक माशी अनेकदा डंख करते, कारण तिचा डंख गुळगुळीत असतो, मोडून पडत नाही.

हिचीच थोरली बहीण म्हणजे काळ्या पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा असलेली मोठी गांधील. तिचे पोळे कागदाच्या कवचात बंद असते आणि ये-जा करण्यास भोक ठेवलेले असते. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, गच्चीवरच्या अडगळीत ती राहते. असे चेंडूसारखे पोळे दिसले तर घरच्या माणसाने त्याला हात लावू नये.

आणि शेवटी मधमाश्या. फुलोरी माशी लहानखुरी. झुडपाच्या फांदीभोवती तिचे तळहाताएवढे एकच पोळे असते. सातेरी अंधारात, पोकळीत, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. पेटीत पाळतात त्यांपैकी ही एक. आणि आग्या! त्याचे एकच प्रचंड पोळे उंच झाडाला, कड्याला किंवा इमारतीच्या सज्ज्याखाली उघडे लोंबत असते. जवळ काही हलले तर माश्यांची लाट त्यावरून सरकत जाते, जणू काळी साय थरथरते. पूर्वी हे कडेकपारीत राहत. आता वरळीला चाळीस-चाळीस मजल्यांचे कडे माणसानेच उभे करून दिले आहेत, मग त्यांनी का येऊ नये? पावसाळा ओसरला की ते येतात, पुष्कळदा गेल्या वर्षीच्याच जागेवर, आणि ऋतू पालटला की निघून जातात.

एक माणूस, एक डंख

हे सारे पुस्तकी ज्ञान झाले. ते कशासाठी लागते हे सांगावयाचे तर दोन वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगितली पाहिजे.

आमच्या गल्लीतले एक नाखवा वसुबारसेच्या सकाळी बोलवावयास आले. घर कोळीवाड्यातल्या बहुतेक घरांसारखे, भिंतीला भिंत लागलेले; मागे हातभर मोकळी जागा आणि तेथे बोंबील वाळत घालण्याची बांबूची वलांडी. पलीकडे समुद्र, आणि त्यावर २००९ साली सुरू झालेला सागरी सेतू. मोरीच्या खिडकीला पूर्वी पंखा बसविलेला होता, तो काढल्यावर राहिलेल्या भोकात गांधीलमाश्यांनी घर केले होते. पोळे चांगले बशीएवढे, पन्नास-साठ माश्या, आणि उंची माणसाच्या छातीइतकी. वलांडीवर पहिली मासळी चढली होती. तिच्यावरही दोन-चार माश्या बसलेल्या मी पाहिल्या.

धाकट्या मुलाने तयारी करून ठेवली होती. बांबूच्या टोकाला चिंध्या आणि त्या होडीच्या डिझेलमध्ये भिजविलेल्या. खिडकीखाली नायलॉनच्या जाळ्यांचा ढीग, शेजारी मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या.

“पोरा, माश्या मरतील,” मी म्हटले, “पण मग गल्लीतली किती घरे शिल्लक राहतील?”

त्याने बांबू खाली ठेवला. मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, “घरात कोणाला पूर्वी चावली आहे का?”

सगळे हसले. नाखवा म्हणाले, “मास्तर, चावली नाही असा कोण आहे इथे?”

सूनबाई मात्र हसली नाही. ती परातीतले बोंबील उगीच उलटेपालटे करीत राहिली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “काका, मला चैत्रात चावलेली. हातावर. तेव्हा मला भोवळ आली होती.”

सासूबाईंना ती भोवळ आठवत होती. उन्हाची म्हणून त्यांनी लिंबाचे सरबत दिले होते. पण मी खोदून विचारले तेव्हा बाकीचे बाहेर आले. माशी चावल्यावर दहा मिनिटांत तळहात खाजू लागले, अंगभर गांधी उठल्या, ओठ जड झाले, घसा आवळल्यासारखा झाला, आणि मग डोळ्यांपुढे अंधारी. घशाचे तिने कोणालाच सांगितले नव्हते. “एवढ्याशा माशीचं काय सांगायचं?” ती म्हणाली.

आणि ही मुलगी रोज पहाटे त्या पोळ्यापासून दोन हातांवर उभी राहून मासळी वाळत घालीत होती!

वाचकहो, बहुतेक निरोगी माणसांना एक डंख म्हणजे थोडी आग आणि दोन दिवसांची सूज. पण काही थोड्या लोकांचे शरीर पहिल्या डंखाने त्या विषाशी जणू वैर धरते, आणि पुढच्या डंखाला ते असे काही उसळते की रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळते आणि माणूस अर्ध्या तासातही जाऊ शकतो. हा शोध समुद्रातूनच लागला, ही गोष्ट मी नाखवांना मुद्दाम सांगितली. शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर समुद्रातल्या डंख करणाऱ्या जीवांचे विष तपासत होते. पुढे पॅरिसमध्ये त्यांनी समुद्रफुलाच्या विषाचे प्रयोग कुत्र्यांवर केले. एकदा विष पचवून नीट झालेला कुत्रा काही आठवड्यांनी त्याहून थोड्या विषाने मिनिटांत मेला. विषाची सवय व्हावी तर उलटच झाले! १९०२ साली त्यांनी या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस असे नाव दिले आणि १९१३ साली रिशे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जाळ्यात आलेल्या डंखाळ जीवांचा चटका कोळ्याला सांगावा लागत नाही. नाखवा मान हलवून म्हणाले, “म्हणजे पहिला चटका सोसला म्हणून दुसरा सोसेलच असं नाही.” याहून नेमके मीही वर्गात कधी सांगितले नसेल.

निर्णय एका क्षणात झाला. सूनबाईने मागच्या दारी जावयाचे नाही. वलांडीचे काम त्या दिवसापुरते मुलांनी करावे. पोळे काढण्यास माहितगार माणूस बोलवावा. आणि दिवाळी झाल्यावर नव्हे, आजच तिला डॉक्टरकडे न्यावे.

विरोध केला तो घरातल्या आजीने. “सणाच्या दिवसांत कुणाचं घर मोडू नये,” ती म्हणाली. तिचे म्हणणे मला हसण्यावारी नेता आले नाही. हेच पोळे माडाच्या शेंड्याला असते तर मी आजीच्या बाजूने भांडलो असतो. मी म्हटले, “आजी, त्याच भिंतीवर कुंभारणीची तीन मडकी आहेत. त्यांना कोणी हात लावणार नाही. पण या पोळ्यात आणि तुमच्या सुनेत एकीलाच येथे राहता येईल.” आजी काही बोलली नाही. संध्याकाळी माणूस आला तेव्हा तिनेच सुनेला आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतले.

डॉक्टरांनी तपासून ॲलर्जीच्या तज्ज्ञाकडे पाठविले. आता त्या घरात ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन ठेवलेले असते आणि ते मांडीत कसे द्यावयाचे हे तिच्या नवऱ्याला शिकविले आहे. गेल्या वैशाखात त्याचा उपयोग झाला. बाजारात टोपलीखालच्या माशीने तिला डंख केला. इंजेक्शन दिले, इस्पितळात नेले, रात्रभर ठेवून घेतले आणि सकाळी ती घरी आली.

काढावे की ठेवावे?

मी स्वतःसाठी तीन प्रश्न ठरविले आहेत. पोळे माणसाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे काय? त्याच्या आसपास लहान मूल, अंथरुणाला खिळलेले म्हातारे माणूस किंवा डंख न सोसणारे कोणी राहते काय? आणि ते वाढत आहे काय? तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल तर त्यांना राहू द्यावे. एकाचेही ‘होय’ असेल तर हलवावे.

इंग्रजी पुस्तकांत एक सल्ला असतो, की हिवाळ्यापर्यंत थांबा, थंडीने पोळे आपोआप मरेल. विलायतेत ते खरे आहे. पण मुंबईत कसली आली आहे तशी थंडी! आपल्याकडच्या गांधीलमाश्यांची पोळी वर्षाच्या बाराही महिने नांदू शकतात. येथे थांबणे म्हणजे कुटुंब वाढू देणे.

म्हणून खरा उपाय सुरुवातीचा. नवे पोळे रुपयाच्या नाण्याएवढे असते आणि त्यावर एखाददुसरीच माशी असते. आठवड्यातून एकदा सज्जा, मीटरची पेटी, कुंड्यांची मागची बाजू आणि ठेवणीतली छत्री पाहण्याचा नेम ठेवला तर ते तेव्हाच सापडते. माशी उडून गेली की लांब दांड्याच्या झाडूने ते पाडावे आणि जागा साबणाच्या पाण्याने धुवावी. नको असलेली भोके जाळीने किंवा सिमेंटने बुजवावी. मात्र आत वस्ती नाही याची खात्री करून. आत माश्या असताना तोंड बंद केले तर त्या दुसरी वाट शोधतात, आणि ती वाट कधी कधी आपल्या खोलीत निघते!

पोळे तळहाताहून मोठे झाले असेल, भिंतीच्या पोकळीत असेल किंवा शिडी लावावी लागत असेल, तर काम जाणत्या माणसाचे. शिडीवरच्या माणसाला डंखाने जेवढी इजा होत नाही तेवढी पडण्याने होते. हे लोक अंग झाकून, अंधार पडताना, माश्या पोळ्यावर बसल्यावर काम करतात. विजेरीला तांबडा कागद लावतात, कारण तांबडा रंग माश्यांना नीट दिसत नाही; पांढऱ्या दिव्यावर त्या झेपावतात. मशाल, रॉकेल आणि पेट्रोल यांना मात्र कोणत्याही परिस्थितीत मज्जाव.

मधमाश्यांच्या बाबतीत आणखी थोडा धीर धरावा. फांदीला नुसत्याच माश्यांचा घोस लटकलेला असेल आणि पोळे नसेल, तर ते प्रवासी आहेत. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत पुढे जातात. सातेरीचे पोळे असेल तर मारण्यापूर्वी पेटीत भरून नेणारा मधपाळ मिळतो का ते पाहावे. पुण्याला १९६२ पासून मधमाश्यांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. जी माशी तेथे घरे चालविते तिला आपण येथे फवारा मारून संपवावे, हे काही बरे नव्हे. आग्या मात्र पेटीत राहत नाही. तो उंचावर असेल आणि कोणी छेडीत नसेल तर ऋतू संपेपर्यंत खालच्या खिडक्या लावून घ्याव्या. छेडला जाण्याचा संभव असेल तर सोसायटीने मिळून माहितगार माणसाकडून हलवावा. ते निघून गेल्यावर राहिलेले मेण खरवडून टाकावे, कारण त्याचा वास पुढच्या वर्षी पुन्हा आमंत्रण देतो.

चावलीच तर

मधमाशीचा डंख आकड्याचा असतो; तो कातडीत अडकून मागे राहतो आणि त्याची पिशवी विष ढकलीत राहते. तो नखाने, पत्त्याने, कशानेही, पण ताबडतोब काढावा. पद्धतीपेक्षा घाई महत्त्वाची. त्या जागेतून एक वास सुटतो, तो बाकीच्या माश्यांना ‘येथे मारा’ असे सांगतो. म्हणून आधी तेथून दूर जावे. हात झाडू नयेत, तोंड झाकून सरळ धावावे आणि घरात किंवा मोटारीत शिरून दार लावावे. कोळीवाड्यातली मुले पाण्यात बुडी मारू म्हणतात. तसे करू नये. माश्या वर घिरट्या घालीत वाट पाहतात आणि श्वासासाठी तोंड बाहेर काढावेच लागते.

हाताला चावली असेल तर अंगठी आणि बांगड्या सुजेपूर्वी उतरवाव्या. जागा धुवावी, बर्फ लावावा. चुना, कांदा, लोखंड घासणे हे सारे वरवरचे. विष कातडीच्या खाली गेलेले असते, तेथपर्यंत यांतले काहीच पोहोचत नाही. अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, दम लागणे, उलटी, भोवळ यांपैकी काही दिसले की घरगुती उपाय बंद. माणसाला आडवे करून पाय उंच ठेवावे; दम लागत असेल तर बसू द्यावे, पण उभे करून चालवू नये. १०८ ला दूरध्वनी करावा. नुसत्या खाजेच्या गोळीवर विसंबून राहू नये. तोंडात किंवा घशात डंख झाला असेल, किंवा एका वेळी पुष्कळ माश्या चावल्या असतील, तर बरे वाटत असले तरी इस्पितळात जावे. फार विष गेले तर मूत्रपिंडाला इजा होते आणि ती काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही कळते.

या दिवाळीपुरती एक शेवटची विनंती. नरकचतुर्दशीच्या पहाटे मुले गच्चीवर बाण घेऊन जाण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांपैकी एकाने आदल्या दिवशी उजेडात वर जाऊन टाकीखाली, सज्ज्याखाली आणि शेजारच्या झाडावर एक नजर टाकावी. आग्याचे पोळे दिसले तर बाण, फटाके आणि त्यांचा धूर त्या बाजूला न्यावयाचा नाही, हे इमारतीतल्या सर्व मुलांना सांगून ठेवावे. आणि चकल्यांचे ताट फिरविताना घरातल्या सर्वांना सहज एवढे विचारावे, “तुला कधी माशी चावली होती का, आणि तेव्हा काय झाले होते?” सुना, मोलकरणी, पाहुणे यांनाही विचारावे. जे सहसा बोलत नाहीत त्यांना तर आधी विचारावे.

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा.